बीटासुराचा अंगठा

रोज दोनशे मेंढ्यांचे गळे चिरणारा माणूस बीट बघितलं की मागे सरतो, हे तळमजल्यावरच्या शिंपीणबाईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला असा ठसका लागला की ओठांत धरलेल्या टाचण्या सगळ्या फरशीवर सांडल्या. तिने त्या लगेच वेचल्याही नाहीत. आधी वर जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रिलमास्तरांना बातमी पोचवली, मग खाली येऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला, आणि तेवढं झाल्यावरच गुडघे टेकून टाचण्या गोळा केल्या. दिवस मावळायच्या आत त्या माणसाला इमारतीत नवं नाव पडलं होतं. तोंडावर सगळे त्याला दादा म्हणत राहिले. पाठीमागे बीटासुर.

आता खरं बघायला गेलं तर न आवडणारी भाजी कुणाला नसते? शिंपीणबाईला भेंडी चालत नाही, बुळबुळीत लागते म्हणून. ड्रिलमास्तरांनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना उन्हात उभं केलं, पण कारल्याची एक फोड पुढे आली की त्यांचे मिशीचे केस थरथरतात. भाजीवाला स्वतः दोडका विकतो आणि घरी आणत नाही. पण यांना कुणी कारण विचारत नाही. साध्या माणसाची नावड साधीच असते, तिला कोण पुसतो? गळे कापणाऱ्याची नावड मात्र चघळायला फार गोड.

कारणही लोकांनीच शोधून काढलं, त्याला विचारायची तसदी न घेता. रंग. दिवसभर जे हातावरून ओघळताना बघायचं तेच पुन्हा ताटात कोण बघेल? हे सगळ्यांना इतकं पटलं की कुणीकुणी ते सांगताना डोळे पुसत. दादाने ते कधी खोडून काढलं नाही. तयार कारण मिळालं की माणसाला खरं सांगावं लागत नाही, आणि खरं सांगायची त्याची तयारी नव्हती. बायकोलासुद्धा त्याने ते सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर तो आणि बायको, दोघंच. तो दारातून आत यायचा तो मान वाकवून. मानही अशी की डोकं कुठे संपतं आणि खांदा कुठे सुरू होतो ते शिंपीणबाईला माप घेताना सापडेना. बायको त्याच्या छातीला लागणारी, पण तिचा आवाज तीन मजले उतरून भाजीवाल्याच्या तराजूपर्यंत जायचा. ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायची. समोर पोतं, हातात सुरी, आणि दिवस संपेपर्यंत पोतं रिकामं. नवराबायको दोघंही सुरीवर जगणारी. तिचं म्हणणं असं की फरक एवढाच, तिची गिऱ्हाइकं लाथा मारत नाहीत.

आणि तिला नेमकं बीट प्रिय. पाच बहिणींत ती चौथी. घरात एका बहिणीलाही कधी ओठांना लावायला लाली मिळाली नाही, तर या पाचजणी बीटाची फोड ओठांवर घासून आरशापुढे उभ्या राहायच्या. आई मागून एकेकीच्या पाठीत धपाटा घालायची आणि शेवटी उरलेली फोड स्वतःच खायची. त्यामुळे बीट म्हटलं की तिच्या जिभेआधी तिचे ओठ जागे होत. एखाद्याला माहेरच्या अंगणाची आठवण येते तशी तिला बीटाची येई. ती ते उकडून खायची, कच्चं खायची, किसून खायची. रुग्णालयातून उरलेलं घरी आणायची. आणि दादा ताट सोडून उठायचा.

भांडणं त्यावरून पेटायची आणि मग वाटेल तिथे जायची. ती त्याला 'अरे' नि 'तू' करायची. 'अहो' फक्त पाहुण्यांपुढे, तेही घाईघाईत, तोंड भाजल्यासारखं. रागावली की हातात येईल ते त्याच्यावर फेकायची. एकदा पळी लागून त्याची भुवई फुटली आणि दुसऱ्या दिवशी कत्तलखान्यात त्याने सांगितलं, मेंढीने शिंग मारलं. त्याने तिच्यावर कधीही हात उचलला नव्हता, याचा त्याला मोठा अभिमान. तो वस्तूंवर उचलायचा. फ्रिजचं दार एका बाजूला लोंबतं ते त्याच्यामुळे, दोन खुर्च्या गेल्या, मोरीतलं बेसिन तडकलं, भिंतीवरचं घड्याळ एका बुक्कीत कायमचं साडेसातवर गेलं. वस्तूंना काय, लागत नाही. असं तो समजत होता.

मग कत्तलखान्यातला तो प्रकार घडला.

तिथलं काम साखळीवर चालतं. छताखालून लोखंडी साखळी फिरत असते, तिला हातभर अंतराने आकडे. मेंढी मागच्या पायाने टांगली की साखळी तिला एकेका माणसापुढे घेऊन जाते. पहिला दादा, गळा चिरणारा. मग सोलणारे, मग पोट उघडणारे, मग धुणारे. साखळी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे तिथे माणसं मान वर करून बघत नाहीत. समोर जे आलं त्याला हात घालायचा, सुरा फिरवायचा, सोडायचं. हात आपोआप चालतात. डोळ्यांना बाकीचे विचार करायला मोकळं सोडलेलं असतं.

सोलणाऱ्यांत एक काटकुळा गडी होता, त्याला सगळे फिरकी म्हणत, कारण कुणाचीही फिरकी घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. दादाच्या बीटाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच होती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने दादाच्या दोन्ही गमबुटांत ठेचलेलं बीट भरून ठेवलं. दादाने पाय घातला, पचकन आवाज झाला, आणि बुटातून तो वास वर आला. सगळे हसले. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, तोही त्यांना हसण्यासारखाच वाटला.

दादाने पाय बाहेर काढला, चालत गेला, फिरकीला कमरेच्या पट्ट्याला धरून उचललं आणि साखळीच्या आकड्यावर अडकवलं. फिरकी पालथा, हातपाय मारत, पोहायला शिकणाऱ्यासारखा निघाला. आधी तोसुद्धा हसत होता. पलीकडे सोलणारे सुट्टी संपवून कामाला लागलेले, माना खाली. पहिल्याने सवयीने घोटा पकडला आणि सुरा वर ओढला. पँट घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उघडली, आणि तिच्याबरोबर बोटाएवढी रुंद कातडीची पट्टीही. फिरकी किंचाळला तेव्हा सोलणाऱ्याने वर बघितलं. त्यानंतर तो सोलणारा आठवडाभर कामावर आला नाही.

साखळी थांबवली गेली. चालू कामात ती थांबण्याची ती चार वर्षांतली पहिली वेळ. साहेबांनी दादाला पंधरा दिवस घरी बसवलं आणि सांगितलं की पुन्हा कुणा माणसाच्या अंगाला हात लागला तर कायमचं घरी.

तो घरी आला तर ताटात उकडलेलं बीट. तिला बिचारीला काय ठाऊक? तिने आनंदाने वाढलं होतं. त्याने सगळा प्रकार सांगितला आणि ती हसली. हसायला नको होतं, पण फिरकी पोहत निघालेला डोळ्यांपुढे आला आणि तिला आवरलं नाही. दादा उठला आणि त्याने स्वयंपाकघराच्या दारावर बुक्की मारली. दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा होता. काच फुटून पडली नाही, फक्त मधोमध दबली आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं उमटलं. दादाच्या बोटांच्या पेरांतून रक्त आलं. ती हसायची थांबली.

त्या दिवशी दोघांत करार झाला. तो कुठे लिहिलेला नाही, पण मधल्या भिंती काय जाडीच्या आहेत ते बघता साक्षीदार भरपूर. तिने कबूल केलं की बीट आणि बीटाची सालसुद्धा या घरात येणार नाही. त्याने कबूल केलं की माणसावर हात उचलणार नाही. आणि वर तो म्हणाला, "पुन्हा या घरात बीट दिसलं तर मी उंबऱ्याबाहेर जाईन. मग हाका मारू नकोस. यायचा नाही."

ती म्हणाली, "जाशील कुठे? दारं एवढी मोठी आहेत का बाहेर?"

पण तिने शब्द पाळला. पाच महिने पाळला. काचेवर त्याने खाकी चिकटपट्टी आडवी-उभी लावली आणि म्हणाला उद्या नवीन बसवू. ते उद्याही पाच महिने पाळलं गेलं.

ती दुपार शनिवारची. शनिवारी कत्तलखाना लवकर सुटतो आणि ज्याने त्याने आपला सुरा घरी न्यायचा असतो, धार लावायला. दादा कापडात गुंडाळलेला सुरा कमरेला खोचून जिना चढला, लॅचला किल्ली लावली, मान वाकवून आत आला आणि तिथेच थांबला.

दारातून समोर फक्त बोळ दिसतो. स्वयंपाकघर वळणापलीकडे. त्या वळणावरून लाल पाणी येत होतं. फरशांच्या सांध्यांतून, सावकाश, बोळाच्या मध्यापर्यंत. रक्त कसं दिसतं हे दादाला कुणी शिकवायला नको. रक्त दाट असतं, काळपट असतं, त्याला कडा असते, जमिनीवर पडलं की ते बसतं. हे तसं नव्हतं. हे पातळ होतं, गुलाबी होतं, उकडलेल्या बीटाचं पाणी मोरीत ओततात तसं. डोळ्यांनी एका क्षणात निकाल दिला आणि हातपाय तापले.

आतून आवाज आला. "अहो."

पाहुणे नसताना. त्याला वाटलं ही चेष्टा. पाच महिन्यांनी पकडली गेली आणि वर लाडात आली.

"खा तू," तो म्हणाला. "पोटभर खा, आणि फरशी चाटून घे. मी चाललो."

त्याने दार असं आपटलं की दुसऱ्या मजल्यावर ड्रिलमास्तरांच्या कपातला चहा बशीत आला. खाली शिंपीणबाईने मशीन थांबवलं आणि कान वर केले.

तो तीन मजले उतरला. उतरताना जिन्याच्या कठड्याला एक लाथ, पत्रपेट्यांना एक थप्पड. रस्त्यावर आला, कोपऱ्यावर वळला. भाजीवाला टेम्पोतून पोती उतरवत होता. त्यातलं एक दादाच्या पायाशी फुटलं आणि बीटं गडगडली. शेतातून तशीच आलेली, मुळांना ओली माती चिकटलेली.

वास आला आणि दादाचा घसा आवळला. नेहमी आवळतो तसाच. जीभ आत ओढली गेली, त्याने भिंतीला हात टेकला. भाजीवाला म्हणाला, "दादा, सॉरी हं, उचलतो लगेच." कारण भाजीवाल्यालाही वाटत होतं की हा रंगाला भितो.

रंगाशी त्याचं काहीच वैर नव्हतं. वैर त्या वासाशी होतं. ओल्या मातीचा, बंद, खोल वास, जो बीट कितीही धुवा, कितीही उकडा, त्याच्यातून जात नाही. भिंतीला हात टेकून तो उभा होता आणि ओकारी दाबत होता, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की वर दारात उभा असताना त्याचा घसा आवळला नव्हता. तो तिथे चांगला मिनिटभर उभा होता. मोकळा श्वास घेत होता. ओरडला होतासुद्धा. वर मातीचा वास नव्हता. वर दुसरा वास होता, जो त्याला रोज येतो आणि म्हणून येतच नाही.

तो पळाला. एवढा मोठा देह धावत जिना चढताना इमारतीने पहिल्यांदाच ऐकला.

बोळाच्या वळणापलीकडे बादली आडवी पडली होती. ती फरशी पुसत होती, ओल्या फरशीवर पाय सरकला, तोल सावरायला हात पुढे गेला आणि चिकटपट्टीच्या जाळ्यातून आरपार. उजव्या कोपराखाली काचेचा तुकडा उभा शिरला होता आणि तिने तो ओढून काढला होता, जे करायला नको होतं. बादलीभर पाणी आणि तिचं रक्त एकत्र वाहत बोळात आलं होतं. ती दाराला पाठ लावून बसली होती, डोळे उघडे. तिने त्याच्याकडे बघितलं.

अंगातून रक्त लवकरात लवकर कसं बाहेर काढायचं हे दादाला वीस वर्षांच्या कामाने शिकवलं होतं. कुठली नळी कुठून जाते, कुठे टोचलं की किती वेगाने येतं. आता तेच उलटं करायचं होतं. त्याने स्वतःचा पट्टा काढून तिच्या दंडाला आवळला. पट्टा सरकत होता, दंड बारीक. मग त्याने जखमेत अंगठा घातला, आत चाचपलं, ती ओरडली, आणि जिथून उसळी येत होती ती जागा सापडल्यावर त्याने ती हाडावर दाबून धरली. उसळी थांबली. आता हा अंगठा हलता कामा नये. त्याने तिला दुसऱ्या हाताने छातीशी उचललं आणि दार पायाने उघडलं.

दाराबाहेर अख्खी इमारत उभी होती.

त्यांनी काय ऐकलं होतं? 'फरशी चाटून घे, मी चाललो.' मग आपटलेलं दार, जिन्यावरच्या लाथा, मग परत वर धावत जाणं, मग बाईची किंकाळी. आणि आता काय दिसत होतं? रक्ताने भिजलेला कसाई, कमरेला सुरा, हातात बायकोचं मढं. दिसलं त्यावरून निकाल लावायला इमारतीला तेवढाच वेळ लागला जेवढा त्याला दारात लागला होता.

पहिली काठी ड्रिलमास्तरांची, नडगीवर. मग कुणीतरी खुर्चीचा पाय घातला पाठीत. शिंपीणबाईने दोन्ही हातांनी त्याचे केस धरले आणि मान मागे ओढली. "सोड तिला, राक्षसा," ती म्हणत होती, आणि हे तिने इतक्या वेळा मनात म्हणून ठेवलेलं होतं की सहज निघालं. दादाने तोंड उघडून सांगायचा प्रयत्न केला. "अंगठा," तो म्हणाला. "अंगठा काढला तर जाईल." ते कुणाला कळणार? खालून भाजीवाला धावत आला तो हातात दोन किलोचं वजन घेऊनच, आणि ते त्याने दादाच्या डाव्या कानावर मारलं.

मनात आणलं असतं तर दादाने त्यातल्या तिघांना कठड्यावरून खाली टाकलं असतं. फिरकीला उचलताना त्याला दम लागला नव्हता. पण एक हात तिच्याखाली होता आणि दुसऱ्याचा अंगठा तिच्या आत. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं. काठ्या बसत होत्या त्या खांद्यावर घ्याव्यात म्हणून त्याने तिला पोटाशी दाबली, स्वतः वरून पांघरुणासारखा झाला, आणि तिला तशीच धरून पाठीवर पडला, चार पायऱ्या घसरला. प्रत्येक पायरी त्याच्या मणक्याने मोजली. शेवटच्या पायरीवर अंगठा निसटला.

रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट ड्रिलमास्तरांच्या मिशीवर. दादाने अंगठा पुन्हा आत घातला. चिळकांडी बंद झाली, तोटी फिरवल्यासारखी.

सगळ्यांच्या आधी भाजीवाल्याला समजलं. त्याने हातातलं वजन खाली ठेवलं, इतक्या हळू की जणू त्याचा आवाज झाला तर कुणी विचारेल हे कुणाचं. मग तो शिंपीणबाईवर खेकसला, "केस सोडा त्याचे. तो तिला धरून बसलाय."

टेम्पो खाली उभाच होता. मागे पोती तशीच. दादा तिला मांडीवर घेऊन बीटांत बसला. पोती उतरवायला वेळ नव्हता, आणि हौद्याला ताडपत्रीचं छत, म्हणजे वास कुठे जायला जागा नाही. दहा मिनिटांचा रस्ता. भाजीवाल्याने नंतर सांगितलं की मागून सारखे ओकल्याचे आवाज येत होते. दादा मान वळवून स्वतःच्या खांद्यावर ओकत होता. सगळा देह पिळवटायचा, आणि तो अंगठा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरने काढ म्हटलं तरी तो निघेना. हाताने ऐकायचं सोडलं होतं. दोघांनी मिळून एकेक बोट उलगडलं.

ती जगली. हाताची दोन बोटं वळत नाहीत आता. दादाचा डावा कान कायमचा गेला, दोन बरगड्या मोडल्या, आणि वजन कुणाच्या हातात होतं हे त्याने पोलिसाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पोलीस रुग्णालयात आला तेव्हा इमारतीने आपापलं ऐकलेलं लिहून दिलंच होतं. पोलिसाने तिला विचारलं, नवऱ्याने मारलं का? ती म्हणाली, "काच त्याने फोडली, पाच महिन्यांपूर्वी. हात मी घातला. तो आला, बघितलं नाही, आणि गेला. मग परत आला. चारही गोष्टी लिहा, एक गाळू नका."

पोलिसाने चारही लिहिल्या. ते ऐकत दादा दाराबाहेर उभा होता.

त्यानंतर नऊ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो रोज यायचा, खाटेच्या बाजूला स्टुलावर बसायचा. ती छताकडे बघायची. तिच्याच स्वयंपाकघरातल्या बायका तिला रक्त वाढावं म्हणून रोज वाटीभर बीट पाठवायच्या, तेव्हा तो उठून व्हरांड्यात जायचा आणि वाटी रिकामी झाली की परत यायचा. तिची थोरली बहीण येऊन राहिली होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की सोडलं की हिला मी घेऊन जाणार, त्या माणसाच्या घरी ही पाय ठेवणार नाही. दादा त्यावर काय बोलणार? तो आला होता आणि गेला होता. ते तिने आतून ऐकलं होतं, एकेक पायरी.

नवव्या दिवशी, वाटी रिकामी व्हायच्या आत, तो व्हरांड्यातून परत आला. तोंडाला टॉवेल होता तो त्याने खाली घेतला आणि बोलायला लागला.

सात वर्षांचा होता. बाप खंदक खोदायचा, पाइप टाकायला. हा आणि थोरला भाऊ खाली उतरून खेळत होते आणि बाजूची भिंत बसली. हा गळ्यापर्यंत पुरला गेला. भाऊ त्याच्या खाली. तोंडात माती, नाकात माती. भावाने खालून याचा घोटा पकडला होता. घट्ट. वर माणसं फावडी घेऊन ओरडत होती आणि बाप याच्या भोवतीची माती नखांनी उकरत होता. घोट्यावरची पकड बराच वेळ होती. मग ढिली झाली. याने लाथ मारून बघितली, परत पकड म्हणून. नाही पकडलं.

"बीटाला तोच वास येतो," तो म्हणाला. "मला लाल रंगाचं काही नाही."

बहीण खिडकीबाहेर बघत होती. परिचारिका सलाईनची नळी हातात धरून उगाचच उभी.

"चौदा वर्षं," ती म्हणाली, नऊ दिवसांनी पहिल्यांदा. "चौदा वर्षं मी तुला रंगाचा भित्रा समजले. सांगायला जीभ झडली होती?"

त्याने मान हलवली. झडली होती, असंच म्हणायचं असेल.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. बहीण पिशवी भरून दाराशी तयार. खाली तिने गाडीही थांबवून ठेवली होती. दादा स्टुलावर बसला होता, हात मांड्यांमध्ये, आणि बायको चपला पायांत सरकवत होती. चपला घालायला ती वाकली ती त्याच्या डाव्या बाजूला. वाकलेलीच राहिली आणि त्या बहिऱ्या कानाशी बोलली.

"तू जिना उतरत होतास तेव्हा मी तुला शिव्या घालत होते. मनातल्या मनात. एकेका पायरीला एक. त्या संपत नव्हत्या म्हणून मी शुद्धीवर राहिले. अजून पुष्कळ उरल्यात. त्या घरी येऊन देईन."

दादाने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"काही नाही. ताईच्या हातातून पिशवी घे, तिला जड होतेय."

त्याने बहिणीकडे बघितलं. बहिणीने बहिणीकडे बघितलं, आणि पिशवी सोडली.

परिचारिका सलाईनचा स्टँड हलवत तिथेच होती, त्यामुळे ती काय म्हणाली ते दुपारपर्यंत रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पोचलं, आणि संध्याकाळी शिंपीणबाईकडे. आता इमारतीत ते सगळ्यांना पाठ आहे. त्याला मात्र कुणीच सांगितलेलं नाही. उरलेल्या शिव्या त्याला रोज मिळतात, आणि त्या तो उजवा कान पुढे करून, एकही न गाळता ऐकतो.